स्टॅनफोर्ड ओव्हशिन्स्की: पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कमागचा माणूस

सीडी-आर एकदा राइट केली की विषय संपला. सीडी-आरडब्ल्यू मात्र पुसून साधारण हजार वेळा लिहिता यायची. तिच्यामागची मूळ कल्पना स्टॅनफोर्ड ओव्हशिन्स्की यांची, आणि हा माणूस कधी कॉलेजलाच गेला नव्हता!

जन्म १९२२ चा, अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातला. वडील बेंजामिन लिथुआनियातून आलेले, भंगार गोळा करायचे. स्टॅन मशीन शॉपमध्ये काम शिकला. पुढे स्वतः डिझाइन केलेल्या वेगवान लेथला त्याने वडिलांचं नाव दिलं.

१९६० मध्ये त्यांनी पत्नी आयरिस यांच्यासोबत डेट्रॉइटमध्ये लॅब काढली. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे सिलिकॉनसारखे स्फटिक, ज्यात अणू शिस्तीत रांगेत बसलेले असतात. ओव्हशिन्स्की मात्र काचेसारख्या, विस्कटलेल्या रचनेच्या पदार्थांच्या मागे लागले. १९६८ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली. बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. पण नेव्हिल मॉट यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांना गांभीर्याने घेतलं, आणि याच क्षेत्रातल्या कामासाठी मॉटना १९७७ चं नोबेल मिळालं.

मग आला लेझर. टेल्युरियमच्या मिश्रधातूच्या पातळ थरावर जोरदार, क्षणभराचा लेझर मारला की तेवढा ठिपका वितळतो आणि झटकन थंड होतो. अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही, ठिपका कमी चमकतो. थोडा सौम्य लेझर मारला की न वितळता अणू पुन्हा रांगेत येतात, चमक परत येते. प्लेअर हाच फरक वाचतो.

कल्पना भारी, पण सुरुवातीच्या मिश्रणांचा पुसण्याचा वेग कमी होता. शिवाय प्रत्येक वेळी लिहिताना तो ठिपका सुमारे ६०० अंशांना वितळणार! असं पुन्हा पुन्हा झालं की थरातला माल हळूहळू सरकतो आणि डिस्क खराब होते. १९८० च्या दशकात जपानच्या मात्सुशिताने (आताची पॅनासॉनिक) जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचं असं प्रमाण शोधलं की अणू १०० नॅनोसेकंदांच्या आत रांगेत येऊ लागले. हा थर सँडविचसारखा झिंक सल्फाइड आणि सिलिकाच्या थरांमध्ये ठेवला. डीव्हीडी-रॅम तर १ लाख वेळा लिहिता यायची. म्हणून माझ्या मते कल्पनेचं श्रेय ओव्हशिन्स्कींचं, टिकाऊपणाचं जपानी इंजिनिअर्सचं.

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवरही त्यांनी मोठं काम केलं, तरी त्यांची कंपनी बहुतेक वर्षं तोट्यातच राहिली. २००७ मध्ये ते तिथून बाहेर पडले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, ओव्हशिन्स्की गेले.