कानातला तोल मोजणारी खुर्ची

लहान मूल स्वतःभोवती गरगर फिरते आणि एकदम थांबते. पाय थांबले तरी त्याच्यासाठी जग फिरतच राहते. या खेळातून ज्यांनी रोगनिदानाची चाचणी घडवली, ते डॉक्टर म्हणजे रॉबर्ट बारानी.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नात झाला. बालपणी हाडांच्या क्षयरोगाने त्यांचा एक गुडघा कायमचा ताठ झाला. १९०० मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते पुढे तिथल्याच कान विभागात काम करू लागले. पिचकारीने कान धुताना काही रुग्णांना चक्कर येई आणि त्यांचे डोळे झटके देत हलत. पाणी कोमट नसले तरच चक्कर येते, असे एका रुग्णाने सांगितले. मग पाणी खूप गरम करून पाहिले, तर झटक्यांची दिशाच उलटली! बारानींना न्हाणीघरातला बंब आठवला. तापलेले पाणी वर चढते, थंड खाली बसते. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतल्या द्रवाचेही तसेच होत असणार, हे त्यांनी ताडले.

दुसरी चाचणी फिरत्या खुर्चीची. रुग्णाला २० सेकंदांत १० फेरे द्यायचे आणि खुर्ची झटकन थांबवायची. डोके थांबते, पण जडत्वामुळे नलिकांतला द्रव पुढे सरकतच राहतो आणि डोळे काही काळ झटके देतात. नलिका निकामी असतील तर हा प्रतिसाद मंदावतो किंवा मिळतच नाही. मोबाइल किंवा विमानातले जायरोस्कोप आज फिरत्या टेबलावर ठेवून तपासतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे: ठरलेली गती द्यायची आणि उत्तर बरोबर येते का ते पाहायचे.

पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. १९१५ मध्ये शेमिश्लचा किल्ला पडला आणि ते रशियाचे युद्धकैदी झाले. १९१४ सालचे नोबेल मिळाल्याची बातमी त्यांना कैदेतच कळली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. मायदेशी मात्र सहकाऱ्यांनी इतरांचे श्रेय लाटल्याचा आरोप केला. दुखावलेले बारानी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात गेले. तिथेच ८ एप्रिल १९३६ रोजी, साठी पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे चक्कर आली की अशक्तपणा म्हणून टॉनिक घेतले जाते. पण कारण कानात असू शकते, कधी मेंदूतही. चकरेसोबत बोलणे अडखळले, हातापायातली शक्ती गेली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर घरी थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. एरवीही वारंवार गरगरत असेल, तर एकदा कान तपासून घ्या.