काटेरी तारेवरचा निरोप

समजा, तुमच्या मित्राचं घर अर्ध्या मैलावर आहे आणि तुमच्याकडे फोन नाही. निरोप कसा पाठवाल? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या गेलॉर्ड गावात एका मुलाने यावर युक्ती काढली. तिथे कुरणांना काटेरी तारेची कुंपणं होती. त्याने कुंपणाच्या तारेलाच टेलिग्राफची तार बनवलं आणि मित्राला निरोप पाठवायला सुरुवात केली!

या मुलाचं नाव क्लॉड शॅनन. जन्म 30 एप्रिल 1916. आई भाषा शिकवायची आणि पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली. वडील आधी व्यापारी आणि नंतर न्यायाधीश होते. क्लॉडला मात्र रेडिओ आणि यंत्रं उघडून बघण्याचं वेड. एडिसन हा त्याचा लाडका शास्त्रज्ञ.

1936 मध्ये शॅनन पदवीधर झाले आणि एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत गेले. तिथे एका भल्यामोठ्या गणित करणाऱ्या यंत्रावर त्यांचं काम होतं. त्या यंत्रात शंभरावर विजेचे स्विच उघडझाप करत. शॅनन यांच्या लक्षात आलं, की स्विच चालू किंवा बंद असतो, तसंच तर्कशास्त्रात वाक्य खरं किंवा खोटं असतं. म्हणजे दोन्हींचं गणित एकच! हे त्यांनी 1937 मध्ये लिहिलं तेव्हा ते फक्त 21 वर्षांचे होते. तुमच्या लॅपटॉपमधली चिप आजही याच कल्पनेवर चालते.

पुढे 1941 पासून ते बेल लॅब्स या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. युद्धाचे दिवस होते. गुप्त संदेशांचं काम करता करता त्यांना एक प्रश्न छळू लागला: माहिती मोजायची कशी? दूध लिटरमध्ये मोजतो, कापड मीटरमध्ये. निरोप कशात मोजायचा?

1948 साली त्यांनी उत्तर छापलं. माहिती मोजायची ती हो-नाहीच्या प्रश्नांत. एक खेळ करून बघा. मी 1 ते 16 मधला एक आकडा मनात धरला. तो 8 पेक्षा मोठा आहे का? असं दर वेळी निम्मे आकडे बाद करत विचारलंत, तर 4 प्रश्नांत आकडा सापडतो. म्हणजे त्या आकड्यात 4 बिट माहिती आहे. (बिट हा शब्द शॅनन यांचा नव्हे बरं का, तो त्यांचे सहकारी जॉन टकी यांनी सुचवला.)

आणि गंमत पुढेच आहे. जे आधीच माहीत आहे, त्यात माहिती शून्य. आज सूर्य उगवला असं कोणी फोन करून सांगितलं, तर तुम्हाला नवीन काय कळलं? काहीच नाही. मग ते पाठवायचंच कशाला?

आता हे वाचा: आज म_ ताप आलाय, म्हणून मी शा_त जाणार ना_.

वाचलंत ना? तीन अक्षरं गायब होती, तरी अडलं नाही. शॅनन यांनी असाच खेळ पत्नी बेटी यांच्याबरोबर खेळला. बेटी स्वतः गणिती होत्या. रहस्यकथेतलं एकेक अक्षर वाचायचं आणि पुढचं त्यांनी ओळखायचं. बऱ्याचदा त्या बरोबर ओळखत! म्हणजे लिहिलेल्या भाषेत पुष्कळसा भाग जादा असतो. तो काढला तर फाइल लहान होते. संगणकावर तुम्ही झिप फाइल करता ना, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

याच विचारातून 1973 मध्ये डेव्हिड स्लेपियन आणि जॅक वुल्फ यांनी एक चकित करणारी गोष्ट सिद्ध केली. ती सोपी करून सांगतो. शेजारच्या दोन गावांत दोन यंत्रं तापमान मोजतात. तापमान 0 ते 31 अंशांत असतं आणि दोन्ही आकड्यांत जास्तीत जास्त 1 चा फरक पडतो. यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत, दोघंही फक्त ऑफिसला आकडा कळवतात. पहिल्याने 24 कळवलं. त्याला 5 बिट लागले. दुसऱ्याकडे असणार 23, 24 किंवा 25. त्याने पूर्ण आकडा कशाला पाठवायचा? आपल्या आकड्याला 3 ने भागायचं आणि फक्त बाकी पाठवायची! बाकी 2 आली तर ऑफिसला कळतं, 23. बाकी 0 म्हणजे 24 आणि 1 म्हणजे 25. दोन बिटांत काम झालं. आणि दुसऱ्या यंत्राला पहिल्याचा आकडा माहीतही नव्हता! मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हातचलाखीच वाटली होती. कागद घेऊन दुसरे आकडे घालून बघा.

शॅनन स्वतः मात्र फार गंभीर दिसत नसत. बेल लॅब्सच्या लांब व्हरांड्यांत ते एकचाकी सायकल चालवायचे. चेंडू एकामागून एक हवेत उडवून झेलायचे. त्यांनी भुलभुलैयातून वाट शोधणारा एक यांत्रिक उंदीरही बनवला. त्याचं नाव थिसियस. उंदीर एकदा चुकला की वाट लक्षात ठेवायचा आणि दुसऱ्या वेळी सरळ जायचा. त्याच्या वायरिंगला बेटींचा हात लागला होता.

म्हातारपणी शॅनन यांना अल्झायमर झाला. हा विस्मरणाचा आजार. ज्यांनी माहिती मोजायला शिकवलं, त्यांच्याच मनातून माहिती पुसली जाऊ लागली. जग इंटरनेटने जोडलं जात होतं, पण त्यात आपला वाटा किती, हे त्यांना उमगत नव्हतं. 2000 साली गेलॉर्डमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. 24 फेब्रुवारी 2001 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात ते वारले, तेव्हा ते 84 वर्षांचे होते. त्यांचा पुतळा मात्र गेलॉर्डच्या बागेत आहे.