बिस्मिल्ला खाँ : नौबतखान्यात घडलेला कलावंत

वाराणसीचा ब्रह्मा घाट जुन्या मराठी वस्तीसाठी ओळखला जातो. अठराव्या शतकात काशीत स्थायिक झालेल्या कायगावच्या नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव या घाटाशी जोडलेले आहे. येथून जवळच, पंचगंगा घाटानजीक, बालाजीचे मंदिर आहे. त्याच्या नौबतखान्यात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची साधना झाली.

२१ मार्च १९१६ रोजी बिहारमधील डुमराव येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव कमरुद्दीन. घराण्यात दरबारी सनईवादनाची परंपरा होती. बालवयातच ते काशीला मामा अलीबख्श ‘विलायतू’ यांच्याकडे शिकण्यासाठी आले.

सनईवादन एकट्याचे नसते. मुख्य सनईच्या जोडीला अखंड षड्ज धरणारी दुसरी सनई आणि तालासाठी खुर्दक हे लहान जोडवाद्य असते. साहजिकच या कलेत श्वास, सूर आणि लय यांचे शिक्षण एकत्रच होते. सनईला तारा नाहीत, पडदेही नाहीत. छिद्रांवर बोट अर्धवट ठेवून आणि फुंकीचा दाब बदलून मींड काढावी लागते. त्यामुळे मामांनी भाच्याला गायकीचीही तालीम दिली. मंदिराच्या वाटेवर रसूलनबाई आणि बतूलनबाई या भगिनींचे घर होते. तेथून कानी पडणाऱ्या ठुमरी-टप्प्याचा संस्कारही त्यांच्या वादनावर झाला.

सनई तोवर मुख्यतः देवळाच्या दाराशी आणि लग्नमंडपात वाजणारे मंगलवाद्य होती. १९३७ मध्ये कोलकात्याच्या संगीत परिषदेतील वादनाने खाँसाहेबांनी तिला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. पुढे विलायत खाँ यांची सतार आणि व्ही. जी. जोग यांचे व्हायोलिन यांच्यासह त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. १९५९ च्या ‘गूँज उठी शहनाई’ या चित्रपटात मराठी संगीतकार वसंत देसाई यांनी त्यांच्या सनईचा उपयोग केला. २००१ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ने गौरविण्यात आले.

धर्मनिष्ठ शिया मुसलमान असलेल्या या कलावंताने मोहरममध्येही सनई वाजविली आणि बालाजी व विश्वनाथ यांच्यावरील श्रद्धाही जपली. कीर्तीच्या शिखरावर असतानाही त्यांनी काशी सोडली नाही. २१ ऑगस्ट २००६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. दफनविधीच्या वेळी त्यांच्यासोबत त्यांची सनईही ठेवण्यात आली.