आरोग्याचा वकील

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे. देवगडप्रमाणेच तेही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. राज्यघटनेच्या या शिल्पकाराने सार्वजनिक आरोग्यासाठी केलेली वकिली मात्र तुलनेने अपरिचित राहिली.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाचे समर्थन केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. कर्वे यांना दंड झाला. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विधानसभेत मांडलेला संततिनियमनाचा ठरावही फेटाळला गेला.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. हरलेली बाजू अखेर देशाचे धोरण ठरली.