पहिला कंपायलर कोणी कंपाइल केला?

मराठी विभागात माझं नाव बघून अर्ध्या हॉस्टेलला हसू येणार, हे मला माहीत आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. जोडाक्षर लिहिताना अजून माझा हात थांबतो. पण गेल्या सेमिस्टरला एक प्रसंग घडला आणि त्यातून एका बाईंची ओळख झाली. त्यांच्याबद्दल मराठीतच लिहायचं असं ठरवलं. का, ते शेवटी कळेल.

झालं असं की, मिनी प्रोजेक्टसाठी सी प्लस प्लसच्या नव्या गोष्टी वापरायच्या होत्या आणि लॅबमधल्या लिनक्सवरचा जीसीसी जुना होता. म्हटलं, सोर्समधूनच बिल्ड करू, त्यात काय एवढं! लॅपटॉपवरही तेच लिनक्स होतं. सोर्स उतरवला, कॉन्फिगर चालवलं आणि पहिल्याच मिनिटाला नकार. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररी नव्हत्या. त्या आणल्या आणि मेक सुरू केलं. मेस बंद व्हायच्या आधी सुरू केलेलं मेक रात्री दोनलाही संपेना. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावत होता. शेवटी रूममेट उठून बसली.

ती लातूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. स्क्रीनकडे बघून तिने विचारलं, त्याच त्या फाइली पुन्हा का येतायत? मी ऐटीत समजावलं. जीसीसी तीन टप्प्यांत बनतो. मशीनवरचा जुना कंपायलर नवा कंपायलर बनवतो, तो पहिला टप्पा. मग हा नवा स्वतःच्याच सोर्समधून स्वतःला पुन्हा बनवतो, तो दुसरा. दुसरा तिसऱ्याला बनवतो. शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या फाइली ताडून बघतात. त्या जुळल्या तर कंपायलर भरवशाचा.

यावर तिने शांतपणे विचारलं, जुन्याला कोणी बनवलं? त्याच्याही जुन्याने. आणि अगदी पहिला कंपायलर? तो कोणी कंपाइल केला? मी हसले, आणि मग लक्षात आलं की उत्तर मलाही येत नाही. ते शोधताना भेटल्या ग्रेस हॉपर.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला लहानपणी तिने एक घड्याळ उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं, मग तिसरं, अशी घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. आईने मार दिला नाही, फक्त यापुढे एकच घड्याळ खोलायचं असा नियम केला. सोळाव्या वर्षी तिने व्हॅसर कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली आणि ती लॅटिन भाषेत नापास झाली! पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. मध्ये १९३० साली लग्न झालं आणि १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच शिकवू लागल्या.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हॉपरबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त आणि वजन नियमापेक्षा पंधरा पौंड कमी. तरी खास सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या भरती झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जहाज मिळेल असं वाटत होतं, मिळाला हार्वर्डमधला मार्क वन कॉम्प्युटर. ५१ फूट लांब, जवळपास पाच टन वजनाचा, कागदी पट्टीवरच्या भोकांतून सूचना वाचणारा. हॉवर्ड आयकेन हे तिथले कडक साहेब. त्यांच्या हुकमावरून बाईंनी त्या मशीनचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल लिहिलं.

कॉम्प्युटरमधला पहिला ‘बग’ हॉपरबाईंनी पकडला, असं आपल्याला फर्स्ट इयरला सांगतात. ते अर्धसत्य आहे. १९४७ मध्ये हार्वर्डच्याच मार्क टू मशीनच्या रिलेत एक पतंग सापडला आणि कोणीतरी तो वहीत चिकटवून ठेवला. पण तो बाईंनी पकडला नव्हता आणि बग हा शब्दही इंजिनिअर मंडळी आधीपासून वापरत. बाईंनी ती गोष्ट रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली.

नंतरची वर्षं सोपी नव्हती. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. त्या काळात त्यांना दारूनेही त्रास दिला. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉचली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता.

आता रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर. तेव्हा प्रोग्रॅम लिहिणारे साइन, घातांक वगैरेंचे तुकडे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना चुका होत आणि प्रत्येक तुकड्यातले पत्ते नव्याने मोजावे लागत. बाईंच्या मनात आलं, हे उतरवण्याचं काम मशीनच का करत नाही? त्यांनी तुकडे टेपवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. नुसते क्रमांक सांगायचे, मशीन तुकडे शोधून, जोडून पूर्ण प्रोग्रॅम तयार करणार. १९५२ पर्यंत हा ए-झिरो चालू लागला. कंपाइल म्हणजे संकलन करणं, आपल्या मासिकाचे संपादक लेखांचं करतात तसं. म्हणून नाव कंपायलर. आजच्या भाषेत त्याला लिंकर म्हणणं जास्त बरोबर होईल. आणि त्याला कंपाइल कोणी केला? कोणीच नाही. तो माणसांनी मशीन कोडमध्ये हाताने लिहिला.

सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. कॉम्प्युटरने फक्त गणितं करायची, प्रोग्रॅम लिहायचे नाहीत, असाच समज होता. तरी बाई पुढे गेल्या. १९५३ च्या ए-टू बरोबर त्यांच्या कंपनीने गिऱ्हाइकांना सोर्स कोडही दिला आणि सुधारणा करून परत पाठवा असं सांगितलं. मग बाईंनी म्हटलं, हिशेब आणि पगारपत्रकं करणाऱ्या माणसाने गणिताची चिन्हं का शिकावीत? साध्या शब्दांत आज्ञा देता आली पाहिजे. साहेब लोकांना दाखवायला केलेला छोटा नमुना त्यांनी इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनला काय, सगळे शब्द सारखेच. पण साहेब घाबरले. अमेरिकेतल्या कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन समजणार, हे त्यांना पटेना. शेवटी फक्त इंग्रजीचं वचन द्यावं लागलं. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली आणि तिच्या पायावर १९५९ मध्ये कोबोलची आखणी सुरू झाली.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. कोबोलचे कंपायलर एकसारखे वागतायत का, हे तपासायची कामं होती. ते सहा महिने १९८६ पर्यंत चालले! वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. भाषणांत त्या साधारण ३० सेंटिमीटर तारेचे तुकडे वाटायच्या. प्रकाश एका नॅनोसेकंदात एवढाच जातो, हे दाखवायला. ऑफिसात घड्याळ होतं ते उलटं फिरणारं. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

इकडे माझा जीसीसी पहाटे तयार झाला. घाईत मी प्रीफिक्सला थेट यूएसआर देऊन मेक इन्स्टॉल केलं. फाइली सगळीकडे मिसळल्या, कुठली माझी आणि कुठली सिस्टिमची ते कळेना. लिनक्स पुन्हा टाकावं लागलं. दुसऱ्या वेळी ऑप्टचा प्रीफिक्स दिला, इन्स्टॉल एका रिकाम्या फोल्डरमध्ये केलं, कंट्रोल फाइलमध्ये नाव, आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्ररी लिहिल्या आणि डेब पॅकेज बनवलं. आता लॅबमध्ये एका कमांडने चढतं, एका कमांडने उतरतं. माझी रात्र गेली, पुढच्या बॅचची जाणार नाही. बाईंनी टेपवर तुकडे साठवले ते याचसाठी असणार.

आणि मराठीचं कारण. फर्स्ट इयरला रूममेट इंग्रजीत अडखळायची तेव्हा मी तिची वाक्यं सुधारायचे, कधी हसायचेही. मला वाटायचं, मशीनची भाषा इंग्रजीच, मग माणसाने ती शिकावी. हॉपरबाईंनी हे बरोबर उलटं धरलं होतं: मशीनने माणसाकडे यावं. तो साधा प्रश्न त्या रात्री मला सुचला नव्हता, तिला सुचला.

हा लेख तिनेच तपासला आहे. चुका बऱ्याच निघाल्या, आणि ती एकदाही हसली नाही.