केसभर फटीशी झुंज

वाफेच्या टर्बाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स म्हटले, की 'टर्बिनिया' जहाजाने १८९७ साली ब्रिटिश नौदलाची उडवलेली त्रेधा हटकून आठवते. त्या यशामागे मात्र एका बारीकशा फटीशी केलेली दीर्घ झुंज होती. ही फट होती फिरत्या पात्याचे टोक आणि त्याभोवतीचे स्थिर आवरण यांच्यामधली.

पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडन येथे झाला. वडील अर्ल ऑफ रॉस हे नामांकित खगोलशास्त्रज्ञ. आयर्लंडमधील बर येथे त्यांनी ७२ इंच व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली होती. चार्ल्स शाळेत गेले नाहीत. शिक्षक घरीच येत आणि उरलेला वेळ वडिलांच्या कार्यशाळेत जाई. डब्लिन व केंब्रिज येथे गणिताचे शिक्षण घेऊन १८७७ मध्ये ते पदवीधर झाले आणि न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कारखान्यात उमेदवारी करू लागले. उमरावाच्या मुलाने तेलकट हातांनी राबावे, हे त्या काळी विरळाच.

१८८४ साली गेट्सहेड येथील एका कंपनीत भागीदार असताना त्यांनी पहिले टर्बाइन तयार केले. वाफ एकदम फुगू दिली, तर तिचा वेग इतका वाढतो की त्या वेगाशी जुळेल असे चाक टिकणे कठीण. पार्सन्स यांनी हा दाब स्थिर आणि फिरत्या पात्यांच्या अनेक ओळींत थोडाथोडा उतरवला. तरीही यंत्र मिनिटाला १८,००० फेरे घेई.

या रचनेत एक खोट होती. फिरत्या पात्याच्या दोन्ही बाजूंना दाब वेगवेगळा असल्याने वाफ टोकावरून चोरवाटेने निसटे. निसटलेली वाफ काम करत नसे आणि मागच्या प्रवाहातही खळबळ माजवी. वाफ शिरते तिथे पाती आखूड असतात. त्यामुळे तेवढीच फट तिथे मोठा वाटा गिळून टाकी. फट कमी करावी, तर दंड आणि आवरण तापताना सारख्या गतीने प्रसरण पावत नाहीत. टोक घासले, की पाती कणसाच्या दाण्यांसारखी झडत.

पार्सन्स यांनी तोडगा काढला तो टोकाच्या आकारातच. पात्याचे टोक तासून धारेसारखे पातळ केले, की घासले तरी तेवढीच धार झिजते, उष्णता कमी निर्माण होते आणि पाते वाचते. मग फट निर्धास्तपणे कमी ठेवता येते. पुढे टोकांवर पट्टी बसवून तिची पातळ कड शेजारच्या ओळीजवळ आणण्याची पद्धत आली. यंत्र तापेपर्यंत ही फट मोकळी ठेवायची आणि नंतर दंड लांबीच्या दिशेने सरकवून ती आवळायची.

१८८९ मध्ये भागीदारी मोडली आणि पेटंटचे हक्क जुन्या भागीदारांकडे राहिले. आपल्याच शोधाला मुकलेल्या पार्सन्स यांना वेगळ्या रचनेचे टर्बाइन बनवावे लागले. हक्क परत मिळाले १८९४ साली. 'टर्बिनिया'ने सुरुवातीला निराशाच केली. तीन टर्बाइन आणि नऊ पंखे बसवल्यावर तिने ३४ नॉटचा वेग गाठला. १९०१ मध्ये 'कोब्रा' ही विनाशिका दुभंगून ६७ जण बुडाले. त्यात पार्सन्स यांचे सहकारीही होते. दोष टर्बाइनचा नव्हता, पण आघात मोठा होता. तरीही १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' आणि १९०७ मध्ये 'मॉरिटानिया' टर्बाइनवरच निघाली.

वायूवर चालणाऱ्या टर्बाइनचा विचारही १८८४ च्या पेटंटमध्ये होता. आजच्या जेट इंजिनात पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहून तप्त वायू वाहतो. फटीतून वेगाने सुटणारा हा वायू टोकाला बरीच उष्णता देतो आणि टोक जळू लागते. म्हणून अनेक पात्यांच्या टोकाला ताटासारखा खळगा आणि भोवती उभी कड ठेवतात. खळग्यात वायूची गती मोडते, गळती घटते. घासलीच तर कडच झिजते. पार्सन्स यांच्या धारेचेच हे काम. मात्र पातळ कड थंड ठेवणे हीच आता अभियंत्यांची डोकेदुखी आहे.

पार्सन्स यांचा एकुलता मुलगा १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. १९२७ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' मिळाला. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी जमैकातील किंग्स्टन बंदरात 'डचेस ऑफ रिचमंड' या जहाजावर त्यांचे निधन झाले. तेही टर्बाइनवरच चालणारे जहाज होते.