लकव्याने उजवा हात गेला, जोतीरावांनी डाव्या हाताने पुस्तक पूर्ण केलं

11 मे 1888. मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी मिळाली. मुलींची शाळा, 'गुलामगिरी', सत्यशोधक समाज असं 40 वर्षांचं काम त्यामागे होतं. आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग निकामी झालं.

विदर्भात याला लकवा म्हणतात. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, नाहीतर तिच्यात गुठळी अडकते. फुटली तर प्रकरण जास्त गंभीर. कवटी काही फुग्यासारखी ताणत नाही, त्यामुळे बाहेर आलेलं रक्त मेंदूलाच दाबतं. हा दाब खाली, श्वास चालवणाऱ्या भागापर्यंत पोचला की माणूस जातो.

उजवं अंग चालवतो मेंदूचा डावा भाग, म्हणजे जोतीरावांना इजा डावीकडे झाली. बहुतेकांच्या भाषेची केंद्रंही तिथेच असतात. जोतीरावांचा हात गेला, शब्द मात्र राहिले.

रक्तस्राव की गुठळी, हे तेव्हा कुठलाच डॉक्टर सांगू शकत नव्हता. माणसाच्या मेंदूचं पहिलं सीटी स्कॅन झालं थेट 1971 मध्ये, लंडनला. जोतीरावांवर उपचार केले ते त्यांचे मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. जरा उतार पडल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि 1889 मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक पूर्ण केलं. (डाव्या हाताने नुसती सही करून बघा, मग कळेल.) घरात पैशांची चणचण होतीच. मामा परमानंदांनी मदतीसाठी बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्द टाकला होता.

आता स्कॅन आहे, गुठळी विरघळवणारं औषधही आहे. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आधी स्कॅन हवंच, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेऊ शकतं. जंगलातल्या गावातून एवढ्या वेळात पोचायचं कसं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 86 गावांतले दोन वर्षांचे मृत्यू तपासले. 2015 मध्ये आलेल्या या अभ्यासात 1,599 पैकी 229 मृत्यू लकव्याचे होते. दुसऱ्या कुठल्याही कारणाने इतके लोक गेले नव्हते. लकव्याने गेलेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांनी घरीच प्राण सोडला.

जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यात गेले, वयाच्या 63व्या वर्षी. दत्तक मुलगा यशवंतच्या हक्कावरून नातेवाइकांनी वाद घातला, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. डाव्या हाताने लिहिलेलं ते पुस्तक 1891 मध्ये यशवंतनेच छापून आणलं.